संगणकाची अंतर्रचना : थोडी ओळख

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेवर विषयाचे भारदस्त नाव वाचून काही पालकांनी, हे आपल्यासाठी नव्हे, असे मनात म्हटले असेल. विद्यार्थ्यांनी म्हटले असेल की यात नवीन ते काय, संगणक तर आमच्या खिशातच आहे. या दोन्ही समजुती आज मला मोडून काढायच्या आहेत. त्यासाठी टेबलावर ही पत्र्याची पेटी आणून ठेवली आहे. आपल्या प्रयोगशाळेतला बंद पडलेला हा संगणक आहे. त्याचे झाकण मी मुद्दामच काढले आहे, कारण झाकण लावलेल्या पेटीविषयी माणसाच्या मनात एक तर भीती असते, नाही तर अंधश्रद्धा.

प्रथम एक घडलेली हकिगत सांगतो. ज्या मुलीची ती आहे तिला विचारूनच सांगतो आहे. मुलगी चांगल्या गुणांनी दहावी झाली. वडील बाजार समितीच्या आवारात हमाली करतात. शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावरून भरला, आणि तो परत आला. कारण दिले होते, ‘नाव जुळत नाही’. वडिलांनी तीन दिवसांची मजुरी बुडवून तीन ठिकाणी चकरा मारल्या. सगळीकडे एकच उत्तर मिळाले : ‘कॉम्प्युटर घेत नाही.’ मगरीबनंतर ते माझ्याकडे आले, कागद पुढे टाकले आणि म्हणाले, “सर, इस मशीन को हमारे नाम से क्या दुश्मनी है?”

कागद पाहिले. शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत आडनाव होते एस-एच-ए-आय-के-एच. ओळखपत्रावर होते एस-एच-ई-आय-के-एच. शेख तो शेखच. आपल्या घरात चार भावांची चार स्पेलिंगे असतात, त्याचे कोणाला काही वाटत नाही. पण यंत्राला वाटले. का वाटले? मी त्या रात्री त्यांना दिलेले उत्तर अर्धवट होते. ते नीट द्यायचे तर पेटीच्या पोटात शिरावे लागते, म्हणून आजचे हे व्याख्यान.

कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, वाशिम, यांपैकी कोणत्याही बाजारातले अडतीचे दुकान डोळ्यांसमोर आणा. गादीवर मुनीम बसला आहे. शेजारी आकडेमोड करणारा एक पोरगा आहे. मागे भिंतीला लहान लहान कप्प्यांची मांडणी आहे, आणि प्रत्येक कप्प्यावर क्रमांक घातला आहे. समोरून शेतकरी मापाची चिठ्ठी आत देतो आणि शेवटी हिशेबपट्टी त्याच्या हातात पडते. संगणकाचे पाचही भाग इथे हजर आहेत. चिठ्ठी आत येते ते आदान, पट्टी बाहेर जाते ते प्रदान, कप्पे म्हणजे स्मृती, आकडेमोड करणारा पोरगा म्हणजे अंकगणिती व तार्किक विभाग, आणि मुनीम म्हणजे नियंत्रण विभाग. तुमच्या खिशातल्या मोबाइलपासून पुण्याच्या महासंगणकापर्यंत ढोबळ रचना हीच आहे.

मात्र या मुनिमाची एक खोड आहे. त्याला काहीही कळत नाही. सोयाबीन काय, तूर काय, शेतकरी कोण, भाव पडला म्हणजे काय, यातले त्याला काही ठाऊक नाही. त्याच्यापाशी एक लहानशी पाटी असते आणि तिच्यावर एकच आकडा लिहिलेला असतो : पुढची आज्ञा कोणत्या कप्प्यात आहे तो क्रमांक. मुनीम त्या कप्प्यातून आज्ञा काढतो, वाचतो, पोराकडून ती करवून घेतो, पाटीवरचा आकडा एकाने वाढवतो आणि पुढच्या कप्प्याकडे वळतो. आज्ञा आणणे, तिचा अर्थ लावणे आणि ती पार पाडणे, एवढेच तो जन्मभर करतो. त्या पाटीला आपण आज्ञागणक म्हणू.

हिशेब करून पाहू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, आजचा भाव म्हणून कोणी धरू नये. कप्पा १०१ मध्ये १२ क्विंटल हे वजन आहे, १०२ मध्ये ४,००० रुपये भाव आहे, १०३ मध्ये हमाली-तोलाईचे ६०० रुपये आहेत, आणि १०४ रिकामा आहे. आता कप्पा १ मध्ये आज्ञा : १०१ मधली संख्या घे. कप्पा २ मध्ये : तिला १०२ मधल्या संख्येने गुण. कप्पा ३ मध्ये : त्यातून १०३ मधली संख्या वजा कर. कप्पा ४ मध्ये : उत्तर १०४ मध्ये ठेव. कप्पा ५ मध्ये : थांब. बारा गुणिले चार हजार म्हणजे अठ्ठेचाळीस हजार, वजा सहाशे, उरले ४७,४००. पट्टी तयार झाली. अशा आज्ञांच्या मालिकेला आज्ञावली म्हणतात. मुले तिला प्रोग्रॅम म्हणतात.

एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली का? आज्ञा ज्या मांडणीत ठेवल्या, त्याच मांडणीत वजन आणि भावही ठेवले. वाटते क्षुल्लक, पण साऱ्या संगणकशास्त्राचा कणा हाच आहे. अमेरिकेत १९४६ साली जाहीर झालेल्या एनिॲक या अवाढव्य यंत्राला नवे गणित घालायचे तर माणसांना तारा उपसून दुसरीकडे खोचाव्या लागत, खटके फिरवावे लागत, आणि त्यात दिवसच्या दिवस जात. आज्ञाही आकड्यांच्या रूपाने स्मृतीतच ठेवाव्यात हा विचार जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५ च्या टिपणातून जगभर पसरला. टिपणावर नाव त्यांचे एकट्याचे होते. एकर्ट आणि मॉक्ली हे एनिॲक बांधणारे दोघे याच कामात होते, आणि त्यांची नावे त्या टिपणावर आली नाहीत याची खंत त्यांना पुढे राहिली. काम अनेकांचे आणि नाव एकाचे, हे काही आपल्याकडेच होते असे नाही.

तेव्हापासून यंत्र तेच आणि आज्ञा बदलल्या की काम निराळे. सकाळी हिशेब, दुपारी पत्रलेखन, रात्री सिनेमा. जोखीमही त्यातच आली. मुनिमाच्या पाटीवर चुकून १०२ हा आकडा पडला, तर तो भावाचे ४,००० आज्ञा समजून वाचू लागेल, कारण कप्प्यातला आकडा आज्ञा आहे की भाव हे त्याला कळत नाही. परक्याच्या यंत्रात शिरणारी काही मंडळी नेमका हाच डाव खेळतात. माहिती म्हणून काही तरी आत पाठवायचे, आणि मुनिमाला ते आज्ञा म्हणून वाचायला लावायचे.

आता शेखसाहेबांच्या नावाकडे जायचे तर आधी कप्प्याच्या आत पाहावे लागेल. कप्प्यात शाईने लिहिलेले अक्षर नसते, दिवे असतात. लागलेला दिवा म्हणजे १, विझलेला म्हणजे ०. दोनच अंक का? आपल्याकडे विजेचा दाब कसा खालीवर होतो हे तुम्ही जाणताच. दिवा मंद आहे की प्रखर, यावर वाद घालता येईल. लागला आहे की विझला आहे, यावर सहसा वाद होत नाही. दहा अंकांसाठी प्रकाशाच्या दहा पायऱ्या ठरवल्या असत्या तर दाब जरा ढळताच सहाचे पाच झाले असते. म्हणून यंत्राने द्विमान पद्धती धरली. तिच्यात उजवीकडून पहिल्या दिव्याची किंमत एक, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची चार, चौथ्याची आठ, अशी ती दुप्पट होत जाते. तेरा म्हणजे आठ अधिक चार अधिक एक, म्हणून ११०१. एका दिव्याला बिट म्हणतात आणि आठ दिव्यांच्या ओळीला बाइट.

अक्षरांनाही क्रमांक दिलेले आहेत. इंग्रजी मोठ्या लिपीतल्या ‘ए’चा क्रमांक ६५, ‘ई’चा ६९. आपल्या ‘अ’चा २३०९, ‘क’चा २३२५. उर्दूच्या ‘अलिफ’चा १५७५ आणि लगेच ‘बे’चा १५७६. जगातल्या लिप्यांसाठी युनिकोड नावाचा जो तक्ता आहे, त्यातले हे क्रमांक आहेत. उर्दू उजवीकडून लिहितात आणि मराठी डावीकडून, पण कप्प्यांत दोन्हींची मांडणी सारखीच असते : पहिले अक्षर पहिल्या जागी, दुसरे दुसऱ्या जागी. उजवे-डावे हा प्रश्न पडद्यावर अक्षर काढायच्या वेळीच उद्भवतो. आमच्या घरी मुलांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना मोठे नवल वाटले होते. मलाही प्रथम वाटले होते, हे कबूल करतो.

आता ते आडनाव घ्या. ‘ए’ म्हणजे ६५, दिव्यांत ०१०००००१. ‘ई’ म्हणजे ६९, दिव्यांत ०१०००१०१. दोन ओळी एकीखाली एक धरून पाहा. आठांपैकी सात दिवे सारखे आहेत, फरक एकाच दिव्याचा, चारच्या किमतीचा. सहा अक्षरांचे आडनाव, प्रत्येकाचे आठ, मिळून अठ्ठेचाळीस दिवे. त्यांतले सत्तेचाळीस जुळले, एक जुळला नाही, आणि एका मुलीची वर्षाची शिष्यवृत्ती अडली.

हा फरक यंत्राला कळतो कसा? तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जिना आहे त्यांना उत्तर ठाऊक आहे. जिन्याच्या दिव्याला खाली एक बटण असते, वर एक. अशा दिव्याची जोडणी सामान्यतः अशी करता येते की दोन्ही बटणे एकाच बाजूला असली तर दिवा विझलेला राहतो, आणि एक इकडे, एक तिकडे झाले की लागतो. म्हणजे जिन्यातला दिवा दोन बटणे सारखी आहेत की निराळी हे सांगतो. त्याला बटणांचा अर्थ कळत नाही, तरी फरक मात्र तो अचूक दाखवतो. संगणकाच्या अंकगणिती विभागात असे बारीक बारीक खटके गच्च भरलेले असतात. दोन बटणे एकापुढे एक जोडली तर दोन्ही दाबल्याशिवाय दिवा लागत नाही, शेजारी शेजारी जोडली तर कोणतेही एक दाबले की लागतो. जिन्याची जोडणी ही तिसरी. अशा मोजक्या प्रकारांतून बेरीज, वजाबाकी, तुलना सारे उभे राहते. पाहिजे तर घरी बॅटरी, दोन बटणे आणि छोटा बल्ब घेऊन मुलांनी करून पाहावे. घरच्या विजेच्या बोर्डाला हात लावू नये, हे मात्र बजावून सांगतो.

तुलना झाली, पुढे काय? इथे आज्ञांचा एक खास प्रकार येतो. तो म्हणजे अटीची उडी. एरवी मुनीम पाटीवरचा आकडा एकेकाने वाढवतो. या आज्ञेत मात्र लिहिलेले असते : ‘फरक नसेल तर कप्पा ४० कडे जा, फरक असेल तर कप्पा ६० कडे जा.’ चाळीसपासून पुढे अर्ज स्वीकारण्याच्या आज्ञा, साठपासून पुढे ‘नाव जुळत नाही’ असे छापण्याच्या. मुनीम साठवर गेला. त्याने मुलीचे नाव वाचले नाही, धर्म पाहिला नाही, गुण पाहिले नाहीत, बापाच्या तीन दिवसांच्या मजुरीची त्याला वार्ताही नाही. त्याला ना दुश्मनी आहे, ना दोस्ती.

पण मित्रहो, साठ क्रमांकाच्या कप्प्यात काय लिहायचे हे कोणी तरी ठरवले होते. ‘एक-दोन अक्षरांचा फरक असेल तर अर्ज माणसाकडे तपासायला पाठव’, असेही तिथे लिहिता आले असते. तसे लिहिणे अवघड नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा ते लिहू शकेल. ज्याने आज्ञावली लिहिली किंवा लिहून घेतली, त्याच्या घरात चार भावांची चार स्पेलिंगे नसावीत, म्हणून ही अडचण त्याला सुचली नसावी. ‘कॉम्प्युटर घेत नाही’ हे वाक्य यापुढे कोणी तुम्हाला ऐकवले, तर शांतपणे विचारा : ‘साहेब, कॉम्प्युटरला तसे कोणी सांगितले? आणि माणसाने पाहायची सोय कुठे आहे?’ प्रश्न विचारला म्हणून काम लगेच होईलच असे नाही. पण प्रश्न योग्य माणसाकडे जाईल, यंत्राकडे नाही.

सावधगिरी आपणही बाळगावी. पहिलीत नाव घालताना शाळेच्या जनरल रजिस्टरात जे स्पेलिंग लिहिले जाते, तेच पुढे सगळीकडे चालवा. कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. देवनागरीतही फसगत होते. खालती नुक्ता दिलेला ‘ख़’ यंत्रात दोन तऱ्हांनी ठेवता येतो : एकाच क्रमांकाने, २३९३, किंवा ‘ख’ आणि नुक्ता यांच्या दोन क्रमांकांनी, २३२६ आणि २३६४. डोळ्याला दोन्ही एकच दिसतात. आधी ते एकरूप करून घेण्याची आज्ञा कोणी लिहिली नसेल, तर यंत्राला ते दोन निराळे.

या निमित्ताने एका नावाचा उल्लेख करतो. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांनी भारतीय अंकांच्या रीतीवर ग्रंथ लिहिला. तो लॅटिनमध्ये गेला तेव्हा त्यांच्या नावाचा अपभ्रंश झाला आणि त्यातून ‘अल्गोरिदम’ हा शब्द निघाला. पायरीपायरीने गणित सोडवण्याच्या रीतीला आज सारे जग त्या नावाने ओळखते. आपल्या भाषणांतून हे नाव नेहमी येते आणि टाळ्याही पडतात. मला एवढेच वाटते की टाळी वाजवणाऱ्याने एखादी तरी रीत पायऱ्या पाडून कागदावर लिहून पाहावी. पाच पायऱ्यांची हिशेबपट्टी आपण आत्ताच लिहिली.

आता आपल्या महाराष्ट्रातल्या एका यंत्राविषयी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० नंतरच्या दशकात काही तरुणांनी संगणक बांधायला घेतला. प्रमुख होते रंगस्वामी नरसिंहन. बाकीच्या बहुतेकांनी तोवर संगणक बांधणे राहो, वापरलेलाही नव्हता. पुस्तके, परदेशी यंत्रांचे छापील अहवाल आणि स्वतःचे डोके, हीच सामग्री. आधी एक लहान नमुना यंत्र १९५६ मध्ये चालू केले. त्यातल्या चुका शिकून मोठे यंत्र उभारले, आणि ते १९६० मध्ये रीतसर कामाला लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले : टिफ्रॅक. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते, जुन्या रेडिओत असत तसले. वडीलधाऱ्यांना आठवत असेल की रेडिओ लावल्यावर तो तापून बोलू लागायला वेळ लागायचा. तसले सत्तावीसशे एका यंत्रात, म्हणजे उष्णता केवढी याची कल्पना करा.

टिफ्रॅकची स्मृती पाहण्यासारखी होती. फेराइट नावाच्या चुंबकीय पदार्थाची बारीक कडी, आणि तिच्यातून ओवलेल्या तारा. चुंबकत्व एका दिशेने फिरले की १, उलट फिरले की ०. एक कडी, एक बिट. या स्मृतीत २,०४८ कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात ४० बिट. गुणाकार करा : ८१,९२० बिट, म्हणजे १०,२४० बाइट. तुमच्या मोबाइलवर येणारा शुभेच्छांचा एक फोटो त्यात मावणार नाही. चार जीबी स्मृतीचा साधा मोबाइल घेतला, तर त्यात टिफ्रॅकची सारी स्मृती चार लाख एकोणीस हजार वेळा बसेल. तरी त्याच टिफ्रॅकवर देशातल्या शास्त्रज्ञांनी आपली गणिते सोडवली. कप्पा मोजून वापरायचा असला की माणूस विचारही मोजून करतो. ही माझी आवडती समजूत आहे, कोणाला पटली नाही तरी चालेल.

पुढे व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने घेतली, आणि मग अनेक ट्रान्झिस्टर सिलिकॉनच्या एकाच चकतीवर येऊ लागले. १९७१ मध्ये इंटेल कंपनीने ४००४ नावाची चिप काढली. तिच्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. म्हणजे टिफ्रॅकच्या व्हॉल्व्हच्या आसपासची संख्या नखाएवढ्या जागेत आली. आज चांगल्या मोबाइलच्या चिपमध्ये ती हजार कोटींच्या घरात गेली आहे. आकार बदलला, वेग बदलला. मुनीम, पोरगा, कप्पे आणि पाटी मात्र तशीच राहिली.

वेगाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. संगणक घेताना पालक विचारतात, ‘किती जीबीचा?’ दुकानदारही तेच सांगतो. पण मुनिमाला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो कागद आणायला, गणित करायला नव्हे. साध्या प्रोसेसरचे घड्याळ सेकंदाला दोन अब्ज ठोके देते असे धरा. हा वेग आपल्या बुद्धीत मावत नाही, म्हणून एक ठोका म्हणजे एक सेकंद अशी कल्पना करू. हातातल्या पाटीवरचा आकडा मुनिमाला सेकंदात दिसतो. गादीखालच्या वहीतला चार-पाच सेकंदांत, तिला कॅश स्मृती म्हणतात. मागच्या मांडणीतला, म्हणजे तुम्ही ज्याला रॅम म्हणता तिथला, आणायला तीन-साडेतीन मिनिटे. नव्या तऱ्हेच्या एसएसडी गोदामातून आणायचा तर दोन दिवसांहून अधिक, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून सुमारे साडेसात महिने. कागद येईपर्यंत मुनीम बसून. म्हणूनच चांगल्या अंतर्रचनेचे अर्धे कौशल्य मुनिमाला लागणारा कागद आधीच जवळ आणून ठेवण्यात असते. जुना संगणक संथ झाला तर सारा संगणक टाकून देण्याआधी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवून पाहावी. पुष्कळदा पैसे वाचतात.

पण एकाच मुनिमाला कितीही पळवले तरी मर्यादा येतेच. मग दुसरा उपाय राहतो : मुनीम वाढवायचे. याचे ठळक उदाहरण आपल्या शेजारचे आहे. शकुंतला गाडी ज्या मूर्तिजापूरहून कारंज्याला येत असे, त्या मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा नावाचे गाव आहे. डॉ. विजय भटकर यांचा जन्म तिथे १९४६ साली झाला. तेव्हा आपला वाशिमही अकोला जिल्ह्यातच होता. वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला, म्हणजे जन्माने ते आपल्या जुन्या जिल्ह्याचेच. अमेरिकेने प्रगत महासंगणक द्यायला नकार दिल्यावर भारत सरकारने पुण्यात सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये काढली आणि तिची धुरा भटकरांकडे आली. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला.

जगातला सर्वांत वेगवान प्रोसेसर हाती नव्हता. मग त्यांनी इंग्लंडच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर घेतले आणि चौसष्ट एकत्र बांधले. या ट्रान्सप्युटरची खुबी अशी की प्रत्येकाला चार दिशांना चार दुवे होते, शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी. सोयाबीनच्या हंगामात आवारात गाड्यांची रांग लागली की एक काटा पुरत नाही, चौसष्ट काटे मांडले की रांग सरकते. पण चौसष्ट काटे मांडूनही आवाराचे फाटक एकच असेल आणि तिथे एकच माणूस नोंद करत असेल, तर काट्यांवरचे मापारी रिकामे बसतील. काम कसे वाटायचे, कोणी कोणासाठी थांबायचे, एकाचे उत्तर दुसऱ्याकडे कोणत्या वाटेने जायचे, हीच समांतर संगणकाची खरी अंतर्रचना. तिला लागणारी अक्कल परदेशातून आयात करावी लागली नाही. आज तुमच्या मोबाइलच्या जाहिरातीत ‘आठ कोअर’ असे लिहिलेले असते, ते म्हणजे एकाच चकतीवर आठ मुनीम. फाटकाचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही.

पालकांना एक स्पष्ट सांगावेसे वाटते. तीन महिन्यांचा वर्ग लावला, मुलाला टायपिंग आले, प्रमाणपत्र भिंतीवर लागले, म्हणजे मुलगा कॉम्प्युटर शिकला असे समजू नका. मोटार चालवता येणे आणि इंजिन कळणे यात फरक आहे. चालवता येणे उपयोगाचे आहेच, त्यावर पोट भरते. पण साठ क्रमांकाच्या कप्प्यात काय लिहायचे हे जिथे ठरते, त्या खोलीत बसायचे असेल तर इंजिन कळावे लागते. त्याला लागते काय? आठवी-नववीचे गणित पक्के असावे, विजेचा पाठ समजून वाचलेला असावा, आणि इंग्रजीची भीती नसावी. महाग यंत्र नंतर. आम्ही वर्गात सहा मुलांना उभे करून हा खेळ खेळलो आहोत. एक मुनीम, एक आकडेमोड करणारा, एकाकडे पाटी, एक चिठ्ठी आणणारा, एक पट्टी वाचून दाखवणारा, आणि एक काड्यापेट्यांचे कप्पे सांभाळणारा. पहिल्याच दिवशी पाटी सांभाळणारा आकडा वाढवायला विसरला आणि मुनीम एकच आज्ञा पुन्हा पुन्हा करत बसला. मुले पोट धरून हसली. मोबाइल ‘हँग’ होतो तेव्हा कित्येकदा आत असेच काही चाललेले असते.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. ओळखपत्रावरचे नाव दुरुस्त करून आणले आणि पुढच्या वर्षी अर्ज मंजूर झाला. मधल्या वर्षाची रक्कम गेली ती गेली. तिने आता बारावीत विज्ञान घेतले आहे.

पेटी इथे टेबलावर आहे. वीज तोडलेली आहे, तरी हात घालण्यापूर्वी बाहेरच्या पत्र्याला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरेल. उभ्या खाचेत बसवलेल्या लांबट हिरव्या पट्ट्या म्हणजे कप्प्यांची मांडणी. खालच्या कोपऱ्यातली जड चौकोनी डबी म्हणजे गोदाम. मुनीम आणि पोरगा दोघेही मधल्या पंख्याखाली आहेत. पंखा चार स्क्रूंनी बसवलेला आहे, आणि पेचकस त्या मुलीकडे दिला आहे.